दोन मिनिटांसाठी लावलेली गाडी

परभणीत बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर आमचा दुचाकी गाड्यांचा स्टँड आहे. पत्र्याचं शेड, एक लिंबाचं झाड, एकच फाटक आणि फाटकाशी माझी खुर्ची. मालक गेल्यापासून चौदा वर्षं मीच तो चालवते. सकाळी सहापासून जिंतूर, सेलू, मानवत, पाथरीकडची माणसं येतात, गाडी लावतात, कुणी नांदेडला जातं, कुणी संभाजीनगरला. प्रत्येकाला मी पितळी बिल्ला देते आणि गाडीचा नंबर वहीत लिहिते. बिल्ला हरवला तर आरसी आणि लायसन्स बघितल्याशिवाय गाडी सोडत नाही, ओळखीचा असला तरी. माझ्या फाटकातून आजवर एकही गाडी चोरीला गेलेली नाही.

आमच्या घरची मात्र गेली. तीन वर्षांपूर्वी जाऊबाई दवाखान्यात होत्या. रात्री आठला माझा लेक डबा घेऊन गेला. गेटपाशी जागा दिसली तिथं गाडी लावली, हँडल लॉकही केलं नाही, डबा देऊन पंधरा मिनिटांत खाली आला तर जागा रिकामी. त्या स्प्लेंडरवर तो रोज दोन वेळा दुधाच्या कॅनी घालायचा. पुढचे सात महिने उसनी गाडी, भाड्याचा ऑटो, आणि रतीब चुकला म्हणून तुटलेली गिऱ्हाइकं. गाडीच्या किमतीपेक्षा ते जास्त गेलं.

म्हणून गाडी चोरीला जाऊ नये यासाठी काय करायचं, ते लिहिते आहे. स्टँडवर बसून जे दिसलं आणि घरावर आलं तेव्हा जे शिकले, ते सगळं.

लोकांना वाटतं चोर कुलपं उघडण्यात पटाईत असतो. मी जे बघते ते वेगळंच आहे. आमच्या फाटकाबाहेर भिंतीला लागून फुकटच्या गाड्या लागतात. एकदा भरदुपारी दोन पोरं त्या रांगेतून चालत आली. एक पुढं बघायचा, दुसरा जाता जाता एकेका गाडीचं हँडल हलवून बघायचा. हललं नाही की पुढची गाडी. मी हाक मारल्यावर दोघं शांतपणे निघून गेली, पळालीसुद्धा नाहीत. त्या पोरांनी एकही कुलूप तोडलं नसतं. जिचं हँडल मोकळं सापडलं असतं ती ढकलत नेली असती, आणि गाडी ढकलत नेणाऱ्या माणसाला कुणी अडवत नाही. सगळ्यांना वाटतं पेट्रोल संपलं असेल. तेव्हा आपल्या गाडीपाशी त्याचा वेळ जास्त गेला पाहिजे आणि तो वेळ कुणाच्या तरी नजरेसमोर गेला पाहिजे. पुढचं सगळं याच दोन गोष्टींसाठी आहे.

आधी हँडल लॉक. हँडल डावीकडं पूर्ण वळवून चावी फिरवायची, काढायची आणि मग दोन्ही हातांनी हँडल हलवून बघायचं. हे शेवटचं फार कमी माणसं करतात. लॉक लागल्यासारखं वाटतं आणि आतला खिळा खाचेत बसलेलाच नसतो. स्टँडवर रोज चार-पाच गाड्या अशा सापडतात.

गाडी आठ-दहा वर्षांची झाली की कुलूप आणि चावी दोन्ही झिजतात. चालू असताना चावी हातात निघून येत असेल, किंवा भावाच्या गाडीची चावी तुमच्या गाडीला लागत असेल, तर ते कुलूप आता फक्त दाखवायला उरलं आहे असं समजा. नुसती नवी चावी घासून उपयोग नाही, कारण झीज कुलपात आहे. इग्निशन, टाकीचं झाकण आणि साइड पॅनेल किंवा सीट यांचा पूर्ण लॉकसेट मिळतो, तो बदलून घ्या. गाडीच्या दुरुस्तीत लोक आरसे बदलतात, सीट कव्हर बदलतात, हे शेवटी ठेवतात. माझ्या मते हे पहिलं करायचं काम आहे.

तरीही हँडल लॉक हे जोराने तुटणारं कुलूप आहे. त्यामुळं दुसरं कुलूप पाहिजेच. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर डिस्क लॉक चालतं, लहान असतं, खिशात मावतं. फक्त ते लावलेलं विसरून गाडी सुरू केली तर माणूस आपटतो, म्हणून त्याच्यासोबत मिळणारी रंगीत दोरी हँडलपर्यंत बांधायची. ड्रम ब्रेकच्या गाडीला ते बसत नाही आणि आमच्याकडं निम्म्या गाड्या ड्रमच्याच आहेत. त्यांना साखळी.

साखळीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेकांची साखळी चुकीची असते. बैलाला बांधायची साखळी आणून गाडीला लावतात. ते लोखंड मऊ असतं, बोल्ट कटरला एका दाबात तुटतं. हार्डवेअरच्या दुकानात कडक केलेल्या पोलादाची, चौकोनी कड्यांची साखळी मागा, कडी निदान आठ-दहा मिलिमीटर जाड. कुलूपही तसंच जाडजूड घ्या. साखळी भक्कम आणि कुलूप पेटीला लावायचं, असं असेल तर चोर कुलूपच तोडणार. साखळी मागच्या चाकातून आणि गाडीच्या सांगाड्यातून, म्हणजे चासीतून घ्यायची आणि जमिनीत पक्क्या असलेल्या वस्तूला बांधायची. विजेचा खांब नको, पण लोखंडी जाळी, ओट्याचा गज, झाडाचा बुंधा चालेल. नुसती चाकात अडकवली तर गाडी उचलून टेम्पोत टाकता येते. साखळी जमिनीवर लोळत ठेवू नका. जमिनीवर टेकलेल्या कडीवर घण घालता येतो, कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून सगळं वजन देता येतं. ताणून वर घ्या, कुलपाचं भोक खाली करा, म्हणजे पावसाचं पाणीही आत जात नाही. बांधायला काहीच नसेल तर शेजारच्या ओळखीच्या गाडीला बांधा. दोन गाड्या एकत्र उचलणं सोपं नाही.

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांना टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. तो बंद करायची सवय लावा. गाडी सुरू झाली तरी कार्बोरेटरात उरलेल्या पेट्रोलवर थोडंच अंतर जाते आणि भर रस्त्यात बंद पडते. चोर ती तिथंच टाकून निघून जातो. मानवतच्या एका दूधवाल्याची गाडी अशीच डेअरीपासून दोन वळणं पलीकडं सापडली होती. एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या गाड्यांपैकी बहुतेक इंजेक्शनच्या, म्हणजे कार्बोरेटर नसलेल्या आहेत, त्यांना हा कॉक नसतो.

त्यांच्यासाठी आणि जुन्यांसाठीही लपवलेला स्विच हा चांगला उपाय आहे. ओळखीच्या मिस्त्रीकडून सीटखाली किंवा पॅनेलच्या आत एक लहान स्विच बसवून घ्यायचा. तो बंद असला की चावी फिरवूनही इंजिन सुरू होत नाही. कुठं बसवला ते घरातल्या माणसांनाच माहीत असावं. नव्या गाडीत वायरिंग कापण्याआधी वॉरंटीचं विचारून घ्या. मिस्त्री विश्वासाचाच हवा, कारण स्विचची जागा त्याला कळणार आहे. बॅटरी काढून ठेवणारे काही जण येतात, पण किकच्या बऱ्याच जुन्या गाड्या बॅटरीशिवायही सुरू होतात.

जीपीएसचं यंत्र बसवावं का, असं तरुण पोरं विचारतात. बसवा, पण सिमचं रिचार्ज चालू ठेवा, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर बॅटरी उतरते हे लक्षात असू द्या. यंत्र गाडी शोधून देतं, चोरी थांबवत नाही. साखळी आधी, यंत्र नंतर. आणि नकाशावर गाडी दिसली म्हणून दोन मित्र घेऊन स्वतः आणायला जाऊ नका. ठाण्यात जाऊन पोलिसांना दाखवा.

आता जागा. आमच्या भागात गाड्या जातात त्या जागा ठरलेल्या आहेत.

दवाखाना पहिला. तिथं येणाऱ्याचं मन गाडीत नसतं. कुणीतरी सलाइनवर असतं, हातात डबा असतो, रिपोर्ट असतात. चोराला हे ठाऊक आहे. म्हणून दवाखान्यात जाताना पावतीचं पार्किंग शोधा, पाच मिनिटं चालावं लागलं तरी. सोबत दोघं असतील तर एकानं आधी पेशंटपाशी जावं, दुसऱ्यानं गाडी नीट लावून मग यावं.

लग्नसराईत मंगल कार्यालय. अक्षता पडायच्या वेळी बाहेर चिटपाखरू नसतं आणि सगळ्यांची जेवणं होईपर्यंत दोन तास कुणी बाहेर येत नाही हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कार्यवाल्यांना माझी विनंती आहे की घोड्यावर, बँडवर खर्च करता तसा पार्किंगवर एक माणूस बसवा आणि त्याच्या हातात चिठ्ठ्या द्या. गावाकडच्या पोराला दिवसाची मजुरी मिळेल.

आठवडी बाजार, यात्रा आणि उरूस. फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, त्या दिवसांत गल्लीबोळात गाड्यांच्या रांगा लागतात. अशा गर्दीत गाडी रांगेच्या टोकाला लावू नका. मधे घुसलेली गाडी काढायला आजूबाजूच्या चार गाड्या हलवाव्या लागतात. चहाच्या टपरीसमोर, रसवंतीसमोर, जिथं दुकानदाराची पाठ नाही तर तोंड गाडीकडं आहे, तिथं लावा आणि त्याला सांगा, "दादा, जरा लक्ष असू द्या, एमएच २२ ची काळी गाडी माझी हाय." सांगितलेल्या गाडीकडं माणूस आपोआप बघतो.

आणि शेत. रब्बीत पंपाची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. माणूस बाराला उठून गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला जातो, गाडी रस्त्याकडंला उभी करतो आणि दोन बांध पलीकडं दारं धरत बसतो. अंधार, सुनसान रस्ता आणि मालक कुठं आहे ते बॅटरीच्या उजेडावरून लांबूनच कळतं. गाडी रस्त्यावर ठेवूच नका. बांधावरून आत घ्या, आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी न्या, बाभळीला साखळीनं बांधा. चिखलामुळं आत जात नसेल तर मागचं चाक आणि झाड, एवढं तरी बांधाच.

घरी गाडी अंगणात असेल तर भिंतीत किंवा ओट्यात काँक्रीट करताना एक जाड कडी बसवून घ्या. घर बांधणाऱ्या मिस्त्रीला ते अर्ध्या तासाचं काम आहे. गाडीवर कापड टाका. कोणती गाडी आहे, कुलूप आहे की नाही, हे रस्त्यावरून दिसत नाही, आणि कापड काढताना कुत्रं भुंकतं.

स्टँडवर लावत असाल तर स्टँड पारखून घ्या. यायला-जायला एकच वाट आहे का, पावतीवर नंबर आणि तारीख लिहितात का, गाडी सोडताना पावती मागतात का. जो न मागता सोडतो तो चोरालाही सोडेल.

आता कागद, कारण आमचं खरं नुकसान तिथं झालं. लेकानं गाडी जुनी घेतली होती. नावावर करायचं पुढच्या महिन्यावर, पुढच्या महिन्यावर असं सहा महिने लांबलं. चावी एकच मिळाली होती. आणि विमा आहे असं आम्ही समजत होतो. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो आमच्या गाडीला होता. पण थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर. चोरीची भरपाई देणारा भाग वेगळा असतो आणि तो बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. आमचा केव्हाच संपलेला होता. कंपनीच्या कार्यालयात त्या बाईंनी कागद माझ्याकडं वळवून ती ओळ दाखवली तेव्हा मला कळलं. तुमची पॉलिसी आज काढा आणि स्वतःच्या नुकसानीच्या भागाची शेवटची तारीख बघा. पाच वर्षांची तारीख बघून पॉलिसी परत कपाटात ठेवू नका.

भरपाई मिळते ती पॉलिसीवर लिहिलेल्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या आधारावर. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के घट धरतात, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. म्हणजे ८०,००० ची गाडी साडेतीन वर्षांची असेल तर ४८,००० धरा. कर्ज बाकी असेल तर पैसे आधी बँकेला जातात, आणि तोवर हप्ता थांबत नाही. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही चाव्या मागते. दुसरी चावी घरात आरसीच्या पिशवीत ठेवा, आणि कुठं आहे ते दोघांना माहीत असू द्या. मूळ आरसी आणि पॉलिसी गाडीच्या टूलबॉक्समध्ये ठेवू नका. चोराच्या हाती गाडी आणि कागद दोन्ही लागले की गाडी विकणं त्याला सोपं जातं. रस्त्यावर दाखवायला डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात.

आरटीओच्या नोंदीत तुमचा आत्ताचा मोबाइल नंबर आहे का ते बघा. चोरीच्या गाडीवर कुठं ई-चलान फाटलं तर संदेश त्या नंबरवर येतो, त्यात जागा असते, बऱ्याचदा फोटोही. पोलिसांना तो मोठा धागा मिळतो. एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षेची नंबरपाटी, एप्रिल २०१९ नंतरच्या गाड्यांना मूळचीच असते, जुन्यांनीही बसवून घ्या. तिचे खिळे एकदाच बसतात, उचकटली की खूण राहते.

आणि एक काम आज संध्याकाळी करा. चासीवरचा सतरा अक्षरांचा नंबर आणि इंजिन नंबर यांचा फोटो काढा. पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबर उमटतो, तो कागद कपाटात ठेवा. मग एका चिठ्ठीवर नाव, गाव, मोबाइल लिहून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि सीटच्या आत किंवा हेडलाइटच्या वाटीत लपवा.

एवढं करूनही गेलीच, तर पहिली दहा मिनिटं रडण्यात घालवू नका. वाहतूक पोलिसांनी उचलली नाही ना, घरातल्या कुणी दुसऱ्या चावीनं नेली नाही ना, एवढं विचारा आणि लगेच ११२ ला फोन करा. आजूबाजूच्या दुकानदारांना आजच्या आज सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवायला सांगा. जुन्यावर नवं चढत जातं, आठ-पंधरा दिवसांनी मागाल तर मिळणार नाही. मग ठाण्यात जाऊन लेखी फिर्याद द्या. कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्द आपली नाही असं म्हटलं तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवायला सांगा. १ जुलै २०२४ पासून चोरीचं कलम भारतीय न्याय संहितेचं ३०३ आहे. ऑनलाइन तक्रार केली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नुसता साधा अर्ज देऊन, पोच घेऊन परत आलेली माणसं मी बघितली आहेत. विम्याला त्या पोचीचा उपयोग होत नाही.

विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोनवर आणि लेखीही. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की पोलिसांत लगेच फिर्याद दिली असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. तरी ती वेळ येऊच देऊ नका. आरटीओलाही अर्ज द्या. तपास लागला नाही तर पोलीस 'अ' समरी करतात, म्हणजे चोरी खरी पण चोर सापडला नाही. तो कागद कंपनी मागते.

जुनी गाडी घेताना भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल आणि "कागद नंतर देतो" असं ऐकू आलं तर उठून या. चासीचा नंबर आरसीशी स्वतः वाकून जुळवा. आकडे घासल्यासारखे दिसले, रंग फक्त तिथंच ताजा दिसला, तर घेऊ नका. चोरीची आहे हे माहीत असून घेतली तर त्याच न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घेतलीत तर गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी करून घ्या, दोन्ही चाव्या हातात घ्या. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून मागा.

सेलूच्या एका गुरुजींची गाडी बाजारातून गेली होती. ते आमच्याकडं नेहमी लावायचे, त्या दिवशी घाई होती म्हणून बाहेर लावली. आठ महिन्यांनी पोलिसांनी एका शेडमधून बऱ्याच गाड्या पकडल्या. पाट्या बदललेल्या, नंबर घासलेले, रंग वेगळे. गुरुजींना ओळखायला बोलावलं तर त्यांनाही खात्री देता येईना. मग त्यांनी सीट उघडायला सांगितली. फोमच्या खाली त्यांच्या मुलीच्या अक्षरातली चिठ्ठी होती, तिनं शाळेत असताना लिहून दिलेली. कोर्टातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करू या हमीवर, गाडी सोडवून आणली त्या दिवशी ते पेढे घेऊन फाटकापाशी आले, आणि ती गाडी सहा नंबरच्या बिल्ल्यावर शेडमध्ये लावून नांदेडच्या गाडीला गेले.